चढताना जुना, उतरताना नवा

त्या सरकारी इमारतीच्या लिफ्टमध्ये एक माणूस स्टुलावर बसायचा आणि त्याचा डावा पाय सरळ पुढं आलेला असायचा. गुडघा वाकतच नव्हता, तो तरी काय करणार. आत येणारा प्रत्येक जण आधी त्या पायावरून टांग टाकायचा आणि मग मजला सांगायचा. शिपाई लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं स्पीडब्रेकर. तोंडावर म्हणायचे. तो हसायचा नाही, चिडायचा नाही. "कितवा?" एवढंच विचारायचा.

पाचव्या मजल्यावर लष्कराचं वेतन आणि भत्ते कार्यालय. माझी तिथं आठवड्यातून तीनदा तरी फेरी. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर माझं टेबल असतं, जखमी जवानांचे आणि त्यांच्या घरच्यांचे अर्ज मी लिहून देते. सातवीत शाळा सुटली. कायदा मी खिडकीवर भांडून शिकले, आणि जो भांडून शिकलेला असतो तो विसरत नाही. त्यामुळं माझ्या कामात कुणी चूक काढली की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

एकदा लिफ्टमध्ये हातातला गठ्ठा शेवटचा तपासत होते. स्टुलावरून आवाज आला, "ताई, दवाखान्यात दाखल झाल्याचा कागद वर लावलाय तुम्ही. डिस्चार्ज कार्ड वर लावा. आघाडी भत्ता किती दिवस द्यायचा ते त्याच्यावरून मोजतात. नाहीतर परत पाठवतील."

मी म्हटलं, तुम्ही लिफ्ट बघा, कागद मी बघते. तासाभरात कागद परत आला. कारण तेच. खाली उतरताना मी त्याच्याकडं बघितलं नाही आणि त्यानंही, खरं सांगायचं तर, माझी लाज राखली.

दुसऱ्या दिवशी मीच विचारलं, हे तुम्हाला कसं माहीत. तो म्हणाला, सात वर्षं लोक याच डब्यातून खाली येताना रडतात, शिव्या घालतात, कागद उलटेपालटे करतात. ऐकून ऐकून पाठ झालं. मी त्या पायाकडं बघितलं. हा पाय जिन्यावरून पडून झालेला नव्हता. एवढं मला कळतं.

"तुमची फाईल कुठं आहे?"

तो आकड्यांच्या पट्टीकडं बघत राहिला. "पाचव्यावर."

"मग?"

"मी पाचव्यावर उतरत नाही."

हजारो लोकांना त्यानं त्या मजल्यावर सोडलं होतं. दार उघडायचा, बंद करायचा, खाली यायचा. स्वतःचं पाऊल एकदाही बाहेर टाकलं नव्हतं.

त्याची खोली तळमजल्यावर जनरेटरच्या मागं होती. आठ बाय दहा. एक ताट, एक पेला, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर रेडिओ. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यानं रेडिओ उचलून जमिनीवर ठेवला आणि मला बसायला सांगितलं. खुर्चीच्या सीटवर रेडिओच्या चार पायांचे चार खळगे पडले होते. त्यावरून मी ओळखलं की त्या खुर्चीवर माणूस कधी बसलाच नव्हता.

मी त्यांना काका म्हणायला लागले. हकिगत बाहेर यायला दोन महिने लागले. एकेका चहाला एकेक तुकडा.

काका सैन्यात पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होते. आघाडीवरच्या उंच ठाण्यांवर पाणी नव्हतं. विहीर नाही, झरा नाही, काही नाही. खालून टँकर गेला तरच वरची माणसं तोंड धुणार. रस्ता एका गाडीपुरता, एका बाजूला कडा, आणि कुठं सुरुंग पेरलेत याची खूण फक्त ड्रायव्हरच्या डोक्यात. नकाशावर रस्ता सरळ दाखवलेला, पण प्रत्यक्षात कुठं दगडाला चिकटून जायचं, कुठं जुन्या चाकोरीत चाक ठेवायचं, हे जुना ड्रायव्हर नव्याला दाखवायचा. म्हणून टँकरवाल्यांची एक रीत होती. जुना माणूस रजेवर निघायच्या दिवशी सकाळी शेवटची खेप नव्याला घेऊन करायची. चढताना जुना चालवणार, नवा शेजारी बसून बघणार. उतरताना नवा चालवणार, जुना शेजारी. तेवढी एक खेप झाली की रस्ता सोपवला.

पण कागदावर तो जुना माणूस आदल्या संध्याकाळीच रजेवर गेलेला असायचा. नाहीतर त्याच्या रजेतला एक दिवस कापला जायचा. गाडीच्या वहीत सकाळपासून सही नव्याची. सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनाही. कुणाचं काही बिघडत नव्हतं, बिघडेपर्यंत.

नवा तेवीस वर्षांचा होता. तोंडाची टकळी बंद नाही. काकांच्या रजेच्या सकाळी आठ वाजता दोघं निघाले. काका चालवत होते. सव्वानऊच्या सुमाराला डाव्या चाकाखाली स्फोट झाला. डावीकडं नवा बसला होता.

काका बारा दिवसांनी शुद्धीवर आले. तोवर सगळं लिहून झालं होतं. रजेवरचा माणूस स्टिअरिंगवर होता असं लिहिलं असतं तर साहेबांची मान अडकली असती. म्हणून वहीत होतं तेच खरं झालं: गाडी नवा चालवत होता. त्याला मरणोत्तर मानपत्र मिळालं, 'शेवटच्या क्षणापर्यंत स्टिअरिंग सोडले नाही.' आणि काकांच्या पलंगाला लटकवलेल्या कागदावर आलं, 'रजेवर असताना वाहन अपघात.' साहेब फळांची पिशवी घेऊन भेटायला आले. म्हणाले, पोराच्या घरी निदान एक कागद तरी लागू दे भिंतीवर, तुझा जीव तर वाचलाय. काकांनी सही केली.

एका सहीनं काय काय गेलं बघा. नियम असा आहे की आघाडीवर जखमी झालेला जवान दवाखान्यात असेपर्यंत, वर्षभराच्या मर्यादेत, त्याचा आघाडी भत्ता चालू राहतो. काका अकरा महिने पडून होते, एक दिवसाचा मिळाला नाही. पण मी भत्ता भत्ता करत होते तेव्हा ते मान हलवत होते. त्यांचं दुखणं वेगळं होतं. बायको बारा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली, सोबत तिचा भाऊ. त्या मेव्हण्यानं पलंगाचा कागद मोठ्यानं वाचला आणि पोरासमोर म्हणाला, रजा सुरू झाली की बाटली सुरू, दुसरं काय. काका सही करून बसलेले. बोलणार काय? मुलगा तेव्हा एकवीस वर्षांचा होता, मामाच्या गावी वायरमन. बाप दारू पिऊन गाडी ठोकून लंगडा झाला, असं तो धरून चालला होता. सात वर्षांत इकडं फिरकला नव्हता.

"भत्ता राहू दे ताई," काका म्हणाले. "मी तिथं होतो, एवढं सरकारी कागदावर आलं तरी पुरे. ते पोराला पाठवीन."

त्याच वर्षी जुनी प्रकरणं एकदा शेवटची ऐकायचा हुकूम निघाला. एकच सुनावणी, मग फाईल कायमची बंद. मी दुसऱ्याच दिवशी अर्ज ठोकला. नियमाचा कीस काढला होता मी: रजेवरचा माणूससुद्धा काम करताना जखमी झाला असेल तर भत्त्याला पात्र, नुसता गाडीत बसलेला असेल तर नाही. म्हणजे काका चालवत होते हे सिद्ध करायचं. पुरावा? ठाण्यावरची माणसं पांगलेली, साहेब निवृत्त होऊन कुठं गेले पत्ता नाही. घोडं इथं अडलं. मग काकांच्याच बोलण्यातून आलं की नवा रोज संध्याकाळी थोरल्या बहिणीला फोन करायचा, दिवसभराचं सगळं ओकायचा. आदल्या संध्याकाळीही केला होता.

मी म्हटलं, तिचा जबाब आणू.   पाचव्या दिवशी लिफ्टमध्ये, आजूबाजूला कुणी नसताना काका म्हणाले, रविवारी लिफ्ट बंद असते, जाऊ. पत्ता त्यांना तोंडपाठ होता. नऊ वर्षं पाठ होता, गेले कधी नव्हते.

बसमध्ये तीन तास त्यांचा पाय मधल्या वाटेत. येणारा-जाणारा बडबडत होता. मी दोघांशी भांडले. काका म्हणाले, "ताई, सगळ्यांशी भांडलात तर तिथं पोचेपर्यंत आवाज बसेल."

बहीण शाळांचे गणवेश शिवायची. पुढच्या खोलीत दोन मशिनं, निळ्या कापडाचे तागे, भिंतीला खुंट्यांवर पंचवीस-तीस बिनबाह्यांचे शर्ट. चाळिशीची बाई, गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या. काकांनी सांगितलं, मी तुमच्या भावाबरोबर त्या टँकरमध्ये होतो. तिनं टाचण्या काढल्या, उशीत खोचल्या आणि म्हणाली, "फार उशीर केलात." तक्रार नव्हती त्यात. गाडी उशिरा आली तर माणूस म्हणतो, तसं.

आतल्या खोलीत तिचे वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या समोरच्या भिंतीवर मानपत्राची ती चौकट. पाहुणा कोण हे कळल्यावर म्हाताऱ्यानं काकांचा हात धरला तो सोडेना. म्हणाला, मला आता दिसत नाही, हिला वेळ नसतो, तुम्ही वाचा. काकांनी वाचलं. पहिल्या ओळीपासून खालच्या शिक्क्यापर्यंत. 'स्टिअरिंग सोडले नाही' इथं म्हातारा बरोबरीनं म्हणाला, एक अक्षर मागं-पुढं न होता. मी उंबऱ्यात उभी होते. माझ्या पर्समध्ये जबाबाचा कागद लिहून तयार होता, फक्त सही बाकी. पर्स एकदम जड झाल्यासारखी वाटली.

बाहेरच्या खोलीत आल्यावर बहिणीनं आतलं दार ओढून घेतलं. आम्ही काही बोलायच्या आधी तिनंच विचारलं. खाली बघून, शर्टाची कॉलर उलटसुलट करत.

"वर जाताना झालं, की उतरताना?"

मला आधी कळलंच नाही. काकांना कळलं. ती रीत तिलाही माहीत होती. भावानं फोनवर सांगितलं असणार: उद्या आठला निघायचं, चढताना जुना माणूस चालवणार, मी नुसता बसणार, उतरताना माझी पाळी. नऊ वर्षं ती मनाची समजूत घालत होती की ते उतरतानाच झालं असणार.

काका खोटं बोलू शकले असते, पण सव्वानऊची वेळ मानपत्रातच छापलेली होती. आठला निघून तासाभरात कुठली गाडी वर जाऊन परत फिरते?

"जाताना," काका म्हणाले.

कॉलर तिच्या हातात थांबली. "म्हणजे त्याच्या हातात आलंच नाही."

हेच मला हवं होतं. हेच वाक्य कागदावर उतरवून खाली सही. मी पर्सची चेन उघडली. आणि काका बोलले.

"आलं होतं की. मध्ये एक तळं लागतं, तिथं रस्ता जरा रुंद आहे. तो सारखा मागत होता, काका द्या, काका द्या. दिलं. तिथून पुढं तोच चालवत होता. हात चांगला होता त्याचा. मी डावीकडं बसलो होतो."

सरळ खोटं. मला त्यांनी एकेक दगड सांगितला होता त्या रस्त्याचा. तिनं त्यांच्याकडं बराच वेळ बघितलं. त्यांच्या चेहऱ्याकडं, मग खाली पायाकडं, जिथं विजारीचा डावा पाय गुडघ्यावर ताणून वर चढला होता आणि खालची वीतभर नडगी उघडी पडली होती. मग म्हणाली, चहा टाकते.

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्याशी शब्द बोलले नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती. उतरल्यावर मात्र मी सगळं बाहेर काढलं. म्हटलं, दोन महिने मी काय तुमच्यासाठी गवत उपटत होते? मेलेल्याला मानपत्र आणि जित्याला स्टूल, हेच करायचं होतं तर अर्ज कशाला घातलात? काकांनी ऐकून घेतलं. म्हणाले, ताई, उद्या सोमवार, मला सकाळी लिफ्ट पुसायची असते.

सुनावणीला तरीही गेलो. मीच ओढून नेलं. त्या दिवशी काकांनी लिफ्ट पाचव्यावर आणली, दार उघडलं, मला आधी बाहेर सोडलं आणि मग स्वतः उतरले. रिकामी लिफ्ट मागं उघडीच राहिली. खालून कुणीतरी घंटी दाबत होतं, कुणीतरी ओरडलं, स्पीडब्रेकर मेला का.

समोर तिघं. अध्यक्ष, हिशेब अधिकारी, आणि एक म्हातारे डॉक्टर. माझी बाजू मी मांडली. रीत सांगितली, रजेची लबाडी सांगितली, साहेबाची फळांची पिशवीसुद्धा सोडली नाही. हिशेब अधिकारी म्हणाला, बाई, एवढं लांबण नको. मग काकांकडं वळून एकच प्रश्न विचारला.

"गाडी कोण चालवत होतं?"

एका शब्दाचं काम होतं. 'मी.' माझ्या तोंडून निघायचाच बाकी होता.

"वहीत आहे तोच," काका म्हणाले. "मी शेजारी होतो. डावीकडं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांच्यापुढं पायाचा एक्स-रे होता, शेजारी स्फोटाचा अहवाल, चाक डावं असं त्यात स्पष्ट. डावीकडचा माणूस वाचत नाही, हे कळायला डॉक्टर असायची गरज नव्हती. त्यांनी पुन्हा विचारलं, "डावीकडं?" काका म्हणाले, "डावीकडं, साहेब." डॉक्टरांनी त्यांच्याकडं बघितलं, चष्मा घातला आणि लिहून घेतलं.

भत्ता नामंजूर. कारण, अर्जदार रजेवर होता आणि नुसता बसलेला होता. पण त्या निकालात दुसऱ्या पानावर एक ओळ आली: 'स्फोटाच्या वेळी अर्जदार आघाडीवरील ठाण्याच्या रस्त्यावर टँकरमध्ये उपस्थित होता, हे मंडळ मान्य करते.' ही ओळ घालायची गरज नव्हती. ती डॉक्टरांनी घातली असं मला आजही वाटतं.

काकांनी त्या पानाच्या दोन प्रती काढल्या. एक मुलाला रजिस्टर पोस्टानं पाठवली, पोच मागवून. सोबत चिठ्ठी नाही. मी म्हटलं, दोन ओळी तरी लिहा. ते म्हणाले, सरकारनं लिहिलंय ना, मी आणखी काय लिहू.

तीन आठवड्यांनी बहीण माझ्या टेबलापाशी आली. पत्ता तिनं त्या दिवशी माझ्या पिशवीवर छापलेल्या झेरॉक्सच्या दुकानाच्या नावावरून घेतला असावा. हातात कागदात गुंडाळलेली विजार. माप न घेता, नुसत्या नजरेनं शिवलेली. डावा पाय उजव्यापेक्षा चार बोटं लांब, गुडघ्याला सैल, बाहेरच्या शिवणीला खालून वर बटणं. तिनं ती माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "त्यांना सांगा, मला कळलं. त्या रस्त्यावर तळं नाही. तळं असतं तर टँकर कशाला लागला असता? भाऊ रोज सांगायचा, वर पाणी नाही म्हणून काका टँकर घेऊन जातात."

मग म्हणाली, जबाब हवा असेल तर आता देते, बाबांना कळू देऊ नका एवढंच. मी सांगितलं, फाईल बंद झाली. ती मान हलवून बसस्टॉपकडं चालायला लागली.

मी विजार घेऊन जनरेटरच्या मागं गेले. सगळं सांगितलं. काकांनी बटणं एकेक करून लावली, काढली, परत लावली. मग म्हणाले, "नऊ वर्षं तिला सांगायचं वाक्य जुळवत होतो ताई. आणि ऐन वेळी मध्ये तळं घातलं."

"कशाला घातलंत?"

"सवय. जिथं नाही तिथं पाणी पोचवायचं."

त्यांना हसताना मी तेव्हा बघितलं. पुन्हा बघितलं नाही. मी म्हटलं, हे मी लिहिणार. ते म्हणाले, लिहा, पण तिचे वडील आहेत तोवर नको. ते मागच्या महिन्यात गेले. म्हणून आता लिहितेय.

लिफ्टला आता बटणं आहेत, माणूस लागत नाही. काका खाली पार्किंगमध्ये टोकन देतात. खोली तीच ठेवलीय, मी भांडून ठेवून घेतली. परवा गेले तर रेडिओ खुर्चीवर परत जाऊन बसला होता. त्यांनी तो उचलला, मला बसवलं आणि शर्टाच्या खिशातून एक कार्ड काढून दाखवलं. पोस्टाची पोच. दीड वर्ष झालंय तिला, कडा मऊ पडल्यात. मुलानं पाकीट घेतलं त्याची सही आहे खाली. पत्र आलेलं नाही, फोन नाही, कुणी आलं नाही.

"सही बघा," काका म्हणाले. "शेवटचं अक्षर माझ्यासारखं ओढतो."

मी बघितलं. त्यांची सही मी कितीतरी कागदांवर घेतलीय. खरंच सारखं होतं. त्यांनी कार्ड परत खिशात ठेवलं, खिशाचं बटण लावलं आणि मी उठल्यावर रेडिओ खुर्चीवर ठेवून दिला.